अकरा उपडी मडकी

कासारबोडी,
६ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप भाऊंच्या पायांवर रंभेचं डोकं.

“ज्या मोहल्ल्यातून अर्ज येत नाही, तो मोहल्ला सुखात आहे असं समजावं.”

भाऊ, हे तुमचं वाक्य. आठवतं का? मी चौदा वर्षांची होते. तुम्ही कमेटीतून येऊन जेवायला बसला होता, वहिनी वाढत होती, आणि माझ्या ताटात लाखोळीचं वरण होतं. ते मला मुळीच आवडत नसे. वरण टाळायला मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले आणि वाक्य पाठ होऊन बसलं. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला.

आज ते आठवायला कारण झालं. सरकारनं मला आपल्या म्युनिसिपल कमेटीवर सभासद नेमलं आहे. एक बाई असावी असा वरून हुकूम आला, आणि गावात सही करता येणाऱ्या बायका चारच. त्यातल्या तीन कोणाच्या ना कोणाच्या सुना, त्यांना घरून परवानगी मिळेना. उरली मुलींच्या शाळेची विधवा मास्तरीण. सात वर्षांची पोरकी मावसबहीण म्हणून मी तुमच्या घरी आले, तेव्हा तुम्ही त्या कमेटीचे नवे सेक्रेटरी होता. पुढे पंचवीस वर्षं होता. परवा तिथल्या खुर्चीवर बसताना माझे पाय जमिनीला टेकतात की नाही, हे मी आधी पाहिलं.

पहिल्याच बैठकीत उन्हाळ्याच्या पाण्याचा विषय निघाला. तुमच्या वेळेसारख्या पिंपाच्या बैलगाड्या अजून दोनच आहेत. चैत्रापासून मृगापर्यंत त्या वैनगंगेचं पाणी आणून वाटतात, आणि ज्या मोहल्ल्याचा अर्ज येतो त्याच मोहल्ल्यात जातात. यादीत ढिवरटोलीचं नाव नाही. मी विचारलं तर अध्यक्ष नानाजी म्हणाले, “अर्ज नाई त गाडी नाई, बाई. तुमच्या भावानंच घालून देल्ला हा कायदा.”

म्हणून काल शाळा सुटल्यावर तलावाच्या पाळीखाली ढिवरटोलीत गेले. टोलीत एकही बाई नव्हती. म्हातारे जाळी विणत बसले होते. बायका कुठे म्हणून विचारलं तर एकानं नुसती नदीकडे हनुवटी केली. त्यांची विहीर आत्ताच आटली आहे. नदी दीड मैल.

भाऊ, ही यादी तुम्ही कशी करत होता, ते मला नीट समजावून सांगा. आणि गुडघ्यांना करंजीचं तेल लावता की नाही, तेही.

तुमची
रंभा

*

कुरखेडा,
१५ फेब्रुवारी १९५५

चि. रंभेला उदंड आयुष्य.

तुझं पत्र आणणाऱ्या पोस्टमनला बसवून चहा पाजला. “आमची बहीण कमेटीची सभासद झाली,” असं त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “हो बापूजी, आत्ताच सांगतलं न तुमी.” तेल लावतो. उपयोग नाही. धान घरात आलं आहे, कोंबडी अंड्यांवर बसली आहे, बाकी माझ्याजवळ कळवण्यासारखं काही नाही.

बैठकीला वेळेवर जात जा, सगळ्यांच्या शेवटी बोलत जा, आणि मागचं पान वाचल्याशिवाय सही करू नकोस.

यादीचं विचारतेस. अर्जाचा नियम मी घातला, आणि तो का घातला हे नानाजी विसरले आहेत. त्याआधी दोन्ही गाड्या मालगुजाराच्या माडीसमोर उभ्या राहत. घोडेसुद्धा त्या पाण्यानं धुतले जात. मी म्हटलं, ज्याला हवं त्याचा कागद येऊ दे. त्या साली तेली मोहल्ल्याला पहिल्यांदा पाणी मिळालं. नियम चांगला आहे, रंभा. माणसाचं तोंड बघत नाही.

ढिवरटोलीची चिंता करू नकोस. ते पाण्याचेच लोक आहेत, नदीवर गेल्याशिवाय त्यांना करमत नाही. माझ्यावर त्यांचा फार लोभ होता. दर चैत्रात माझ्या दाराशी एक नवं कोरं मडकं उपडं ठेवून जात, ते आठवत असेल तुला. कोण ठेवतं हेही कधी सांगितलं नाही. पेन्शनीत निघालो तेव्हा लोकांनी हार पुष्कळ घातले, पण हार सुकतात. मडकी मी तणसात बांधून बैलगाडीनं इथे आणली. अंगणात ओळीनं मांडली आहेत, त्यांत झेंडू आहे.

पण तुझ्या वहिनीचा एक हट्ट काही केल्या सुटला नाही. एकाही मडक्याच्या बुडाला तिनं भोक पाडू दिलं नाही. दर पावसाळ्यात पाणी साचून झेंडू कुजतो, दर दिवाळीला मी नवा लावतो. ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी अजून माझा हात होत नाही.

तुझा
भाऊ

*

कासारबोडी,
३ मार्च १९५५

तीर्थस्वरूप भाऊ,

नानाजींच्या पुतणीचं लग्न झालं. दोनशे पान उठलं. मी मुद्दाम पाणी भरण्याच्या जागी जाऊन बसले. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे कोणाच्याही लग्नात पाणी भरायचं ते ढिवराच्या बायकांनीच. त्यांच्या हातचं पाणी सगळ्या जातींना चालतं. पहाटेपासून पंधरा जणी नदीवरून पाण्यानं भरलेले गुंड डोक्यावर आणत होत्या. त्यांत शकुबाई म्हणून एक म्हातारी आहे, सत्तरीची असेल. ती खाली बसलेली असते आणि तोंडानं सगळ्यांना कामाला लावते. मी म्हटलं, “शकुबाई, एवढं पाणी भरून दिलंत, तुमच्या घरी आज काय?” ती म्हणाली, “आमच्या घरी सोयरे येऊन रायले का आज? आमाले एक गुंड पुरते बाई, धुवाले बी अन् प्याले बी.” बाकीच्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग जेवण गेलं नाही.

तिच्याजवळ बराच वेळ बसले. त्या बोलण्यातून एक कल्पना निघाली. कल्पना कोणाची ते मागून सांगेन, आधी तुम्ही तिच्याकडे अध्यक्षासारखं बघा.

ज्याला लिहिता येतं त्यानं अर्ज द्यावा, ठीक आहे. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिनं कमेटीच्या ओट्यावर आपलं मडकं उपडं ठेवावं. मडकं हाच अर्ज. कमेटीनं तीन दिवसांत ते भरून तिच्या दारात सरळ ठेवायचं. नाही ठेवलं, तर पुढच्या बैठकीत अध्यक्षानं सगळ्यांसमोर कारण सांगायचं, आणि ते कारण ओट्यावर उभं राहून गावालाही ऐकवायचं. कागद फायलीत दडतो, भाऊ. मडकं दडत नाही. येणारा जाणारा विचारतो, हे कोणाचं, आणि अजून इथेच कसं?

तुमची मडकी मला चांगली आठवतात. पहिलं मीच उचलून घरात आणलं होतं. पुढच्या साली झेंडू लावायला म्हणून खिळा घेऊन त्याच्या बुडाला भोक पाडायला बसले, तर वहिनीनं माझ्या हातातून खिळा काढून घेतला. नुसता काढून घेतला.

अशी एकूण किती मडकी आहेत, आणि कोणत्या सालापासूनची? एवढं कळवा.

तुमची
रंभा

*

कुरखेडा,
१२ मार्च १९५५

चि. रंभेस आशीर्वाद.

मडकी अकरा आहेत. सन १९२६ पासून १९३६ पर्यंत.

तुझी कल्पना पोरकट आहे. कमेटीचं काम कागदावर चालतं. मडक्याला तारीख नसते, मडक्यावर सही नसते. नानाजी तुला हसतील आणि ते हसणं मला इथे ऐकू येईल.

ही गोष्ट तुला कोणी सुचवली?

भाऊ

*

कासारबोडी,
४ एप्रिल १९५५

तीर्थस्वरूप भाऊ,

तुमच्या पत्रात कोंबडीची पिल्लं निघाली की नाही हे नव्हतं. तुम्ही रागावलात हे मला त्यावरून कळलं. तीन आठवडे रोज लिहायला बसते आणि उठते. आता लिहिल्याशिवाय चालणार नाही.

ही गोष्ट शकुबाईनं सुचवली. सुचवली असंही नाही. तिनं एक जुनी रीत सांगितली. तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझं त्यात काही मिसळणार नाही.

“मालगुजाराच्या पुढं बाईनं तोंड उघडाचं नाई, अशी रीत होती. पानी आटलं का त्याच्या दारात कोरं मडकं उपडं घालाचं अन् मांगं न पायता घरी याचं. त्यानं समजाचं. मडकं भरून परत आलं का आमी समजाचं, ऐकलं मालकानं. मंग पान्याचा कारभार कमेटीकडं गेला. आमी म्हटलं, आता सेक्रेटरीसायबाचं दार. अकरा साल ठेवलं. एक बी भरून नाई आलं. मंग सोडून देल्लं. मातीले काऊन तरास द्याचा?”

भाऊ, ती भेट नव्हती. आणि मी पहिल्याच मडक्यात माती भरून झेंडू लावला होता.

माझा चेहरा पाहून तिनंच माझी समजूत घातली. “त्याइच्यावर राग नाई बाई. वर्ध्याकडचा शिकलेला मानूस, त्याइले आमची रीत कोन सांगन?” हे तुम्हाला कळवावं की नाही याचा मी महिनाभर विचार केला. कळवलं नसतं. तुमच्या अंगणातली ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर येते, आणि तिच्याकडे बघत बसलेले तुम्ही. पण परवा, दोन तारखेला बैठक झाली.

मी ठराव मांडला. नानाजी आपल्याकडच्या नाटकातल्या राजासारखे मांडीवर हात मारून हसले. “आज मडकं ठेवन, उद्या कोनी झाडू ठेवन, परवा कोनी चप्पल! कमेटी आहे का बाजार?” सगळे हसून झाल्यावर मी म्हटलं, ही इथली जुनी रीत आहे. तेव्हा त्यांनी तुमच्या वेळची फायल उघडली. “गुणवंतरावाच्या पंचवीस सालात ढिवरटोलीचा एक अर्ज नाई. एक! अन् तो मानूस कागद दाबनारा नव्हता, हे दुश्मन बी सांगन. मंग तुमालेच कोनतं सपन पडलं बाई?”

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते तुमच्या अंगणात आहे.

ठराव सोळा तारखेवर ढकलला आहे. तो पडला तर यंदाची यादी तशीच निघेल आणि मृगापर्यंत त्या बायका तीन मैलांची ये-जा करतील. शकुबाईची सून कुंता आठव्या महिन्यात आहे, तीही जाते.

तुम्ही दोन ओळी लिहून द्या. मडकी आली होती, ती तक्रार आहे हे तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच. ठाऊक नसण्यात कोणाचा दोष नसतो.

तुमची
रंभा

*

कुरखेडा,
११ एप्रिल १९५५

चि. रंभे,

पिल्लं सात निघाली. एक घारीनं नेलं.

तू मागितलेल्या दोन ओळी मी चार वेळा लिहिल्या. अक्षर चांगलं आलं, पण ओळी खोट्या होत्या. मला ठाऊक होतं.

पहिल्या साली नव्हतं. दुसरं मडकं आलं तेव्हा तुझ्या वहिनीनं, सुगंधानं, पाणोठ्यावर चौकशी केली आणि रात्री वाढताना मला म्हणाली, “त्या बाया पाणी मागून राह्यल्या. हे मडके म्हणजे त्यांचा अर्ज आहे.” त्यावर मी ते वाक्य बोललो. ज्या मोहल्ल्यातून अर्ज येत नाही, तो मोहल्ला सुखात आहे असं समजावं. ते तुला शिकवायला बोललो नव्हतो, रंभा. ते तिला उत्तर होतं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, तिनं खाली पाहिलं.

ती आणखी एक म्हणाली होती. “मग रंभेला सांगा, ती लिहून देईल त्यांना.” मी म्हटलं, सेक्रेटरीच्या घरातून अर्ज जाणं बरं दिसत नाही.

असं का केलं हे आता या वयात स्वतःला विचारतो. ढिवरटोलीला गाडी द्यायची तर माडीवाल्यांची एक खेप काढावी लागली असती. त्यांनी विचारलं असतं, कोणाच्या अर्जावरून? माझ्या टेबलावर कागद नव्हता. कागद नाही याचं मला बरं वाटत होतं, हे खरं आहे. तेली मोहल्ल्यासाठी मी एकदा माडीशी भांडलो होतो. दुसऱ्यांदा भांडायची हिंमत झाली नाही आणि मी नियमामागे जाऊन बसलो. मग दर साली मडकं आलं की लोकांना दाखवायचो, बघा, किती लोभ आहे गरिबांचा. दहा वर्षं सांगितलं की आपलं आपल्यालाही खरं वाटायला लागतं. फेब्रुवारीत तुलाही तेच लिहिलं.

सोबत कागद जोडला आहे. त्यात लिहिलं आहे: “मी, कासारबोडी कमेटीचा माजी सेक्रेटरी, लिहून देतो की ढिवरटोलीचे अकरा अर्ज मला मिळाले होते. ते मातीचे असल्यामुळे मी नोंदवले नाहीत.” खाली सही, तारीख. वाचायचा तर पूर्ण वाच. ‘ठाऊक नव्हतं’ हे शब्द त्यात घालू नकोस.

आणि शकुबाईला खरं सांग. तिनं मला अडाणी समजून माफ केलं आहे. ती माफी माझी नाही.

मला बैठकीला बोलावू नकोस. गुडघ्यांचं निमित्त सांगणार होतो, पण आजच्या दिवशी आणखी खोटं नको. तोंड दाखवायला लाज वाटते.

तुझा
भाऊ

*

कासारबोडी,
१८ एप्रिल १९५५

माझ्या भाऊंना,

तुमचं पत्र मी शाळेच्या मागे उभी राहून वाचलं. मुली पाढे म्हणत होत्या. एकोणतीसच्या पाढ्याला चुकल्या तरी मी आत गेले नाही. तुमचा राग यावा म्हणून मी थोडा वेळ थांबले. तो आला, आणि गेला. मग वहिनीचा हात आठवला, खिळा काढून घेणारा. तेव्हा मला वाटलं होतं, तिला नवं मडकं खराब व्हायला नको आहे. चौदाव्या वर्षी एवढंच समजतं. पण पुढे मी इथेच परत आले, सतरा वर्षं मास्तरकी केली, रोज पाळीवरून शाळेत गेले, खालून रिकाम्या गुंडांची रांग नदीकडे जाताना पाहिली. माझ्या हाताशी टाक होता, दौत होती. मीही कधी विचारलं नाही. तेव्हा रागावायचं तर दोघांवर रागवावं लागेल.

परवा बैठकीत तुमचा कागद वाचला. नानाजींनी चश्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. “पुन्हा वाचा, बाई.” मी पुन्हा वाचला. मग ते हळूच म्हणाले, “अकरा?” मी म्हटलं, अकरा. ते म्हणाले, “गुणवंतरावाइनं हे लिहून देल्लं, त मी कोन हासनारा.”

ठराव सहा विरुद्ध दोन मतांनी झाला. एका सभासदानं त्यात भर घातली, की ज्याच्या मोहल्ल्यातलं मडकं असेल त्या सभासदानं ते स्वतः नेऊन द्यायचं. ढिवरटोली नानाजींच्या वाट्याला येते. “मी? डोक्स्यावर?” ते ओरडले. “काखेत नेलं तरी चालेल,” मी म्हटलं. ते हसले, यावेळी निराळं.

काल वारलू गाडीवाल्यानं पहिली गाडी पाळीखाली उतरवली. बैल त्या उताराला बुजत होते, इतक्या वर्षांत त्यांना तिकडची वाट कोणी दाखवलीच नव्हती, असं वारलू म्हणाला. बैल चार वर्षांचे आहेत. कुंतानं पहिला गुंड भरला. कोणी वाजवलं नाही, कोणी नारळ फोडला नाही. बायकांनी रांग लावली आणि लगेच भांडायला लागल्या, कोणाचा नंबर आधी म्हणून. ते भांडण मला फार गोड वाटलं.

गाडी गेल्यावर शकुबाईजवळ बसले आणि तुम्ही सांगितलं तसं खरं सांगितलं. ती जाळ्याची गाठ मारत होती, हात थांबला नाही. म्हणाली, “मले मालूम हाये.”

“कसं?”

“तुमची वयनी दर साली पाऊस लागला का याची. बसे इथीच. म्हने, शकुबाई, अवंदा नाई जमलं. फुडच्या चैतात अजून एक ठेव. तुहे मडके मी साबूत ठेवून रायली.”

“मग मला का म्हणालात, त्यांना ठाऊक नव्हतं?”

ती माझ्याकडे बघून हसली. “तुमचा भाऊ हाये न तो. बयनीले कसं सांगाचं?”

भाऊ, पुढच्या आठवड्यात अक्षय तृतीया आहे. दरसाल त्या दिवशी तुम्ही वहिनीच्या नावानं पाण्याचं मडकं भरता. यंदा मला तुमच्याजवळ काही मागायचं आहे. तुम्ही नाही म्हणाल हे मला लिहितानाच दिसतं आहे. ‘लाज वाटते’ हे तुमचे शब्द समोरच आहेत, आणि ते खोडून मागावं असा माझा अधिकार नाही. तरी मागते.

त्या अकरातलं एक मडकं रिकामं करा. झेंडू जमिनीत लावा, तिथे तो कुजणार नाही. मडकं चांगलं घासा, तणसात बांधा आणि वडशाच्या मोटारीत मांडीवर घेऊन बसा. वडशाला वारलू गाडी घेऊन उभा असेल, त्याला मी सांगून ठेवलं आहे. वाटेत वैनगंगेवर उतरून ते भरा. आणि शकुबाईच्या दारात, तुमच्या हातानं, सरळ ठेवा.